पोलिसांनी नेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाची नोंद: सोलापुरातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

पोलिसांनी घरातून नेलेला माणूस दोन-तीन दिवस उलटूनही परतत नाही आणि ठाण्यात ‘आमच्याकडे आणलाच नाही’ असे उत्तर मिळते, तेव्हा घरच्यांच्या हाती त्यांनी पाहिलेले आणि ते पाहिल्याची वेळ एवढेच उरते. सशस्त्र बंडाळीच्या काळात अशी माणसे शेकड्यांनी नाहीशी होतात. त्यांच्याविषयीचे सत्य बाहेर येते ते बहुधा पुष्कळ वर्षांनी, आणि येते तेव्हा ते मोर्च्यातल्या भाषणांतून येत नाही. तारीख-वार असलेल्या, रटाळ वाटणाऱ्या कागदांतून येते. हे कागद पहिल्या दिवसापासून कसे तयार करावेत, जपावेत आणि सरकारी दप्तरातून कसे मिळवावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दाखले बरेचसे पंजाब, काश्मीर आणि मणिपूरचे आहेत, कारण हे तंत्र तिथल्या कुटुंबांनी आणि वकिलांनी घडवले. ते सोलापुरात बसून का शिकावे, अशी शंका नव्याने आलेले विद्यार्थी घेतात. शहराच्या पूर्व भागात विणकाम आणि विडीच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या तेलुगूभाषक कुटुंबांपैकी अनेकांची मूळ गावे करीमनगर आणि वरंगळच्या बाजूला आहेत. त्या भागाने नक्षलवादी चळवळ आणि पोलिसी चकमकी यांची दीर्घ दशके पाहिली आहेत. दुसरे असे की, ज्या शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवले जात होते आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती कुंपणे कायद्याने तुटली, त्या शहरातील पारधी, कैकाडी, टकारी वस्त्यांना चोरीच्या संशयावरून उचलून नेणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बंडाळी नसतानाही हीच कार्यपद्धती लागू पडते, आणि हात बसण्यासाठी जवळचे प्रकरणच घ्यावे.

पहिली पायरी: पहिले चोवीस तास

कार्यकर्त्याला निरोप मिळताच त्याने घटनास्थळी जाण्याआधी फोनवरच प्रत्यक्षदर्शी व्यक्तीकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: नेमकी वेळ, वाहनाचा प्रकार आणि दिसला असेल तेवढा क्रमांक, आलेल्या माणसांची संख्या व पोशाख, आणि नेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे. कपड्यांची नोंद नवख्यांना किरकोळ वाटते. मात्र पुढे एखाद्या बेवारस मृतदेहाचा पंचनामा हाती आला, तर त्यात नाव नसते. चौकड्यांचा शर्ट, डाव्या मनगटावरचा काळा दोरा, अर्धवट तुटलेला दात असले वर्णनच असते. म्हणून अंगावरच्या खुणा, जुनी शस्त्रक्रिया, दातांची स्थिती आणि उंची हे त्याच दिवशी घरच्यांकडून लिहून घ्यावे आणि अलीकडचा एक स्पष्ट फोटो जपून ठेवावा.

त्यानंतर ठाण्यात जावे, आणि एकट्याने जाऊ नये. सोलापुरात शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत, शिवाय गुन्हे शाखेची पथके ठाण्यापासून वेगळी काम करतात. त्यामुळे अमुक ठाण्याचा अंमलदार ‘आमच्याकडे नाही’ म्हणतो, तेव्हा तो शब्दशः खरेही बोलत असू शकतो. ते उत्तर जसेच्या तसे, देणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह लिहून ठेवावे, आणि लेखी अर्ज दोन्ही कार्यालयांना द्यावा. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोहोच घ्यावी. ती नाकारली गेल्यास त्याच दिवशी स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून पावती आणि ईमेलची प्रत ठेवावी. नाकारणे हीसुद्धा नोंद करण्यासारखी घटना आहे.

इथे एक सापळा आहे. ठाण्यातून पुष्कळदा सहानुभूतीच्या सुरात सांगितले जाते की, ‘मिसिंग दाखल करा, शोध घेतो.’ घाबरलेली आई किंवा बायको तयार मजकुरावर सही करते आणि त्यात लिहिलेले असते की, तो ‘कोणास काही न सांगता घरातून निघून गेला’. वर्षांनंतर राज्याच्या प्रतिज्ञापत्राला हाच कागद जोडला जातो आणि कुटुंबाचेच म्हणणे कुटुंबाविरुद्ध उभे राहते. हरवल्याची तक्रार देण्यास हरकत नाही, पण तिच्या पहिल्या वाक्यात ‘अमुक वेळी, अमुक साक्षीदारांसमोर, पोलिसांनी नेले’ हे असलेच पाहिजे. ते लिहू दिले जात नसेल, तर सही करू नये आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला अर्ज टपालाने पाठवावा.

या टप्प्यावर कायद्याचे हवे तेवढेच ज्ञान पुरते. घटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घालून दिलेल्या अटींनुसार अटकेच्या वेळी पंचनाम्यासारखा लेखी मेमो तयार करून त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो, आणि कलम ४८ नुसार नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. नेलेल्या माणसाचे नाव तुमच्या नोंदीत आहे का, असे अर्जात या अधिकाऱ्याला विचारावे, म्हणजे ‘विचारलेच नव्हते’ अशी सबब उरत नाही.

त्याच अर्जाबरोबर सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करणारे वेगळे पत्र द्यावे. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण १८ महिने साठवण्याचे आदेश दिले आहेत. खासगी दुकानांतील यंत्रांवर मात्र जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण चढते, म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्याच संध्याकाळी भेटावे.

उच्च न्यायालयाचे दार

दुसऱ्या दिवशीही माणूस हजर केला गेला नाही, तर अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी, हाच खरा उपाय आहे. सोलापूर जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आहे, त्यामुळे मुंबईपर्यंतची धावपळ आता वाचते. याचिकेला लागणारा मजकूर म्हणजे पहिल्या दिवसाच्या नोंदी, पोहोच आणि टपालाच्या पावत्या. याहून वेगळे काही वकिलाला सुरुवातीला लागत नाही. याचिका फेटाळली गेली तरी ती वाया जात नाही, कारण ‘अशी कोणतीही व्यक्ती आमच्या ताब्यात नव्हती’ हे राज्याचे म्हणणे शपथेवर आणि तारखेसह दप्तरात येते. नंतर त्याच माणसाच्या नावाची नोंद दुसऱ्या रजिस्टरमध्ये सापडली, तर त्या शपथपत्राचे वजन बदलते.

माणूस हजर केला गेला, तर रिमांडच्या वेळी दंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असा प्रश्न विचारतात. तो बहुतेकदा घाईत विचारला जातो आणि पोलीस शेजारीच उभे असतात. वकिलाने आधीच सांगून ठेवावे की, मारहाण झाली असेल तर उत्तर तिथेच, मोठ्याने द्यायचे आणि वैद्यकीय तपासणी मागायची. ते उत्तर आदेशात उतरले की नाही, हे प्रमाणित प्रत काढून तपासावे.

जबाब घेणे

या कामातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि नव्यांनी तो घाईने शिकू नये. जबाब घेताना दोघे असावेत, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहावे. जागा साक्षीदाराने निवडावी. सुरुवातीला संमती घ्यावी आणि ती तुकड्यांत घ्यावी: नोंद ठेवण्यास संमती आहे का, नाव वापरण्यास आहे का, मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयात देण्यास आहे का. एखादी बाई पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार देऊ शकते, आणि महिन्यानंतर आपला निर्णय बदलू शकते. मुलगा परत मिळेल, भरपाई मिळेल, असे चुकूनही म्हणू नये.

जबाबात तीन गोष्टी वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिल्यासारख्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत: साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले (कोणाकडून, कधी, कुठे), आणि त्याने काढलेला निष्कर्ष. ‘पोलिसांनी त्याला अमानुष मारहाण केली’ हे वाक्य वहीत येऊच देऊ नये, कारण त्यात कोणी, कशाने, कुठे आणि बोलणाऱ्याला ते कसे कळले, यातले काहीच नाही. पुन्हा शांतपणे विचारल्यावर तीच साक्षीदार सांगते: ‘मी चुलीपाशी होते. तिघे आत आले. दोघांच्या अंगावर खाकी होती, एक साध्या कपड्यात. त्याने कमरेचा पट्टा काढला आणि दिराच्या पाठीवर तीन-चार वेळा मारला. गाडीत घातल्यावर पुढचे मला दिसले नाही.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. जे दिसले नाही ते दिसले नाही असे सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत टिकतो, म्हणून ते वाक्य कापू नये आणि त्याच्या जागी आपली कल्पना भरू नये.

तारखा लोकांना आठवत नाहीत, यात काही गैर नाही. विचारायचे कसे, हे स्थानिक माणसाला चांगले कळते. गड्ड्याच्या यात्रेआधी की नंतर, आषाढीला माणसे पंढरपुरात गेली होती तेव्हा का, त्या दिवशी गावचा बाजार होता का, नळाला पाणी आलेला दिवस होता का. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे बायकांना तो दिवस चोख आठवतो आणि महापालिकेच्या वेळापत्रकाशी तो ताडून पाहता येतो. उत्तर मिळाल्यावर ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नये. ‘१४ ते १६ जानेवारीच्या दरम्यान’ असे लिहिणे हे खोट्या नेमकेपणापेक्षा कितीतरी चांगले.

डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेला माणूस सुटून आला असेल, तर त्याला आवाज, वास, पायऱ्या आणि अंतर विचारावे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनंतर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली, तेव्हा सुटून आलेल्यांना बरोबर घेऊन जुन्या इमारती तपासल्या गेल्या, आणि पट्टीखाली मोजलेल्या पायऱ्या, वळणे आणि बाहेरून येणारे आवाज यांवरून गुप्त कोठड्या ओळखल्या गेल्या. रेल्वेचा भोंगा किती वेळाने वाजत होता, अजान किंवा देवळाची घंटा कोणत्या बाजूने येत होती, फरशी शहाबादी होती की सिमेंटची, असे प्रश्न विचारावेत आणि साक्षीदाराकडून खोलीचा कच्चा नकाशा काढून घेऊन त्यावर त्याची सही घ्यावी.

कोठडीतले सोबती हे बहुतेक प्रकरणांत एकमेव साक्षीदार असतात. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस याला घाटकोपर येथे २ डिसेंबर २००२ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटानंतर अटक झाली; जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या गाडीला अपघात झाल्यावर पळून गेला असे सांगण्यात आले, पण सहआरोपींनी न्यायालयात त्याला कोठडीत झालेल्या मारहाणीविषयी सांगितले, आणि प्रकरणाला वळण त्या साक्षीने मिळाले. म्हणून त्या काळात त्याच ठाण्यात, त्याच तुरुंगात कोण होते याची यादी करावी, मग ते स्वतः कोणत्याही गुन्ह्यात आरोपी असोत.

भाषेबाबत एवढेच की, पूर्व भागातल्या आजीचा जबाब तेलुगूतच आणि अक्कलकोटकडचा कन्नडमध्येच लिहावा, आणि मराठी भाषांतर भाषांतर करणाऱ्याच्या नावासह वेगळ्या कागदावर करावे. लैंगिक अत्याचाराचा जबाब नवशिक्याने घेऊच नये; अनुभवी स्त्री वकील किंवा समुपदेशकाकडे एकदाच घ्यावा, कारण तीच हकिकत चार माणसांना चारदा सांगायला लावणे हा दुसरा छळ आहे. लहान मुलांबाबतही हेच.

शरीरावरच्या खुणा आणि मृतदेह

सुटून आलेल्याला त्याच दिवशी सिव्हिलला न्यावे आणि मेडिको-लीगल (पोलीस-न्यायालयाशी संबंध येणारे वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद करून एमएलसी क्रमांक घ्यावा. डॉक्टर ‘किरकोळ इजा’ एवढेच लिहू लागले, तर प्रत्येक जखमेचे ठिकाण, आकार, रंग आणि अंदाजे वय लिहिण्याची विनंती करावी. अटकेतील व्यक्तीच्या तपासणी अहवालाची प्रत तिला किंवा तिने नेमलेल्या माणसाला मिळण्याचा हक्क संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. फोटो काढताना आधी चेहऱ्यासह संपूर्ण, मग जखमेचा भाग आणि मग शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून, अशा क्रमाने काढावेत. वळ दोन-तीन दिवसांनी जास्त स्पष्ट होतात, म्हणून पुन्हा काढावेत. छळाच्या वैद्यकीय नोंदीसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये डॉक्टरने ‘छळ झाला’ असे ठोकून सांगायचे नसते; ही खूण पीडिताच्या सांगण्याशी कितपत जुळते, याची पातळी लिहायची असते. हीच संयत भाषा आपणही वापरावी. खूण नसणे म्हणजे छळ नसणे, असा निष्कर्ष मात्र कोणालाही काढू देऊ नये.

कोठडीत मृत्यू झाला, माणूस नाहीसा झाला किंवा बलात्काराचा आरोप असला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्याची चौकशी होते आणि शक्य असेल तेव्हा नातेवाइकांना तिथे हजर राहू द्यावे लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण मागावे, आणि मृतदेह ताब्यात घेण्याच्या कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असे छापलेले किंवा लिहिलेले असल्यास ते खोडून घेतल्याशिवाय सही करू नये. दुःखाच्या त्या तासात हे वाचायला कुटुंबातला कोणीही तयार नसतो, ते काम कार्यकर्त्याचे.

रजिस्टर

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पंजाबात १९८० आणि १९९० च्या दशकांत दहशतवाद्यांनी सामान्य माणसांची कत्तल केली, आणि पोलिसांनी उचललेले हजारो तरुणही परतले नाहीत. कुटुंबे ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत होती आणि उत्तर एकच होते. अमृतसरमध्ये जसवंत सिंग खालडा या कार्यकर्त्याने ठाण्यांचा नाद सोडून स्मशानांकडे पाहिले. बेवारस म्हणून आणलेल्या मृतदेहांचे दहन सरकारी खर्चाने होते, आणि सरकारी खर्च झाला की त्याची नोंद कुठेतरी होतेच: मृतदेह कोणत्या ठाण्याने आणला, कोणत्या तारखेला, किती होते, लाकूड किती लागले. जानेवारी १९९५ मध्ये खालडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी जाहीर केल्या. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालडांनाच त्यांच्या घराबाहेरून उचलण्यात आले आणि ते कधीच परतले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला तपास दिला. अमृतसरची दुर्गियाना स्मशानभूमी, पट्टी आणि तरनतारन या तीनच ठिकाणी १९८४ ते १९९४ या काळात २,०९७ मृतदेहांचे बेकायदा दहन झाल्याचे विभागाने सांगितले. त्यांतील ५८५ पूर्ण ओळखले गेले, २७४ अंशतः आणि १,२३८ ओळखलेच गेले नाहीत. न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये पुढचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. खालडांच्या अपहरण आणि हत्येबद्दल पतियाळाच्या न्यायालयाने २००५ साली पोलिसांना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली शिक्षा कायम ठेवल्या. पोलिसांनी ज्या माणसांना आणलेच नव्हते, त्यांच्यासाठी लाकडाचे बिल मात्र निघाले होते. दडवादडवी करणारी यंत्रणा आपले हिशेब पुरे करत असते, ही गोष्ट नवख्या कार्यकर्त्याने मनावर कोरून घ्यावी.

काश्मीरमध्ये २०११ साली राज्य मानवी हक्क आयोगाच्या तपास पथकाला उत्तर काश्मीरमधील ३८ ठिकाणच्या कबरींत २,७३० मृतदेह आढळले, त्यांतील २,१५६ अनोळखी म्हणून पुरलेले होते. तिथेही कबर खोदणाऱ्यांची साक्ष आणि पोलिसांनी मृतदेह सोपवल्याच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या.

मग आपल्याकडे असे हिशेब कुठे असतात, याची यादी डोक्यात तयार हवी. ठाण्यातील स्टेशन डायरी, अकस्मात मृत्यूची नोंद, वाहनाचे लॉगबुक आणि डिझेलचा हिशेब, कोठडीतील जेवणाची बिले, सिव्हिलचे कॅज्युअल्टी आणि शवागाराचे रजिस्टर, महापालिकेचे मृत्युनोंदणी दप्तर, स्मशानभूमी आणि कब्रस्तानाचे दाखले, तुरुंगाचे आवक-जावक. पोलीस डायरी मिळणे कठीण. जेवणाच्या बिलाकडे सहसा कोणाचे लक्ष नसते, आणि म्हणूनच ते मागावे.

मागण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे ‘बेपत्ता व्यक्तींची सर्व माहिती’ असा मोघम अर्ज करू नये. ‘अमुक स्मशानभूमीत अमुक महिन्यात बेवारस म्हणून दहन झालेल्या मृतदेहांच्या रजिस्टरच्या पानांच्या प्रमाणित प्रती’ असा करावा. एखाद्याचे जीवित किंवा स्वातंत्र्य पणाला लागलेले असेल, तर कलम ७ प्रमाणे ४८ तासांत माहिती मागता येते. गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना कलम २४ खाली सूट आहे, पण मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ती सूट लागू नाही, हे अर्जातच लिहावे.

रजिस्टर प्रत्यक्ष पाहायला मिळाले, तर फक्त आपल्या कामाची ओळ टिपू नये. संपूर्ण पान, त्याचा क्रमांक, आधीची आणि नंतरची नोंद, शाईतला फरक, खाडाखोड, मधली कोरी जागा, हे सगळे टिपावे. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने दहा दिवसांच्या नोंदी लिहिलेल्या दिसल्या, तर तसे दिसले एवढेच लिहावे. त्या मागाहून लिहिल्या, हा निष्कर्ष तज्ज्ञावर सोडावा.

यादी आणि तिची विश्वासार्हता

प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्यावा आणि त्याखाली नावाची सगळी रूपे लिहावीत, कारण शिंदे, सिंदे, घरचे नाव आणि पोलिसांनी लिहिलेले नाव अशी एकाच माणसाची चार माणसे होतात. प्रत्येक दाव्यासमोर त्याचा आधार लिहावा. मणिपूरच्या कुटुंबांच्या संघटनेने १,५२८ संशयित बनावट चकमकींची यादी सर्वोच्च न्यायालयात नेली. २०१६ आणि २०१७ च्या निकालांमध्ये न्यायालयाने प्रकरणांची वर्गवारी त्यांमागे चौकशी आयोग होता की न्यायालयीन चौकशी, लेखी तक्रार होती की केवळ तोंडी, यावरून केली. ज्यांमागे कोणत्या तरी अधिकृत चौकशीचा कागद होता ती प्रकरणे तपासाला गेली, आणि तोंडी तक्रारींची मागे राहिली. त्या कुटुंबांचे दुःख काही कमी नव्हते.

बंडखोरांनी मारलेल्या माणसांचीही नोंद ठेवावी, खबऱ्या ठरवून मारलेल्या शेतमजुराचीही. तिचा रकाना वेगळा असावा, कारण कायद्याने शपथ घेतलेल्या राज्याची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे. पण ती वगळणारी यादी पक्षपाती ठरते आणि न्यायाधीशांना तसे दाखवून द्यायला सरकारी वकिलाला पाच मिनिटे पुरतात. आकडा फुगवण्याचा मोहही टाळावा. एक खोटे नाव शंभर खऱ्या नावांना घेऊन बुडते.

मोबाइलमधला पुरावा आणि सगळ्यांची सुरक्षितता

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ लहान झालेला असतो आणि त्यातली मूळ वेळ-स्थळाची माहिती बहुधा गळालेली असते, म्हणून मूळ फोन किंवा मेमरी कार्ड शोधावे, त्यातली फाइल न उघडता, न कापता प्रत करावी आणि तिचा हॅश (फाइलमधला मजकूर बदलला की बदलणारा, तिच्या ठशासारखा अंक-अक्षरांचा संकेत) काढून लिहून ठेवावा. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅश मागितलेला आहे. प्रमाणपत्र देऊ शकेल असा माणूस कोण, हे आजच लिहून ठेवावे; पाच वर्षांनी तो सापडेलच असे नाही.

कोणत्याही कागदाची एकमेव प्रत कोणाकडेही असू नये, आणि साक्षीदारांची खरी नावे व क्रमांक यांची किल्ली-यादी जबाबांच्या फाइलपासून दूर, वेगळ्या गावी असावी. खालडांचे काय झाले ते वर आलेच आहे. श्रीनगरचे वकील जलील अंद्राबी यांनाही मार्च १९९६ मध्ये उचलले गेले आणि त्यांचा मृतदेह त्याच महिन्यात सापडला. धोका कार्यकर्त्यापेक्षा कुटुंबाला आणि गावातल्या साक्षीदाराला जास्त असतो. म्हणून साक्षीदाराच्या घरी संस्थेची गाडी घेऊन जाऊ नये, वस्तीतल्या मुलांसमोर नाव विचारू नये, आणि घरच्यांनी ‘आता थांबा’ म्हटले तर वाद न घालता थांबावे. फाइल सीलबंद राहू शकते.

कुठे पाठवायचे

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे आणि राष्ट्रीय आयोग दिल्लीत. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोग करत नाही, म्हणून कुठे जायचे ते आधी ठरवावे. मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही, ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आरोप केंद्रीय सशस्त्र दलावर असेल, तर कलम १९ खाली आयोगाचा अधिकार केंद्र सरकारकडून अहवाल मागवण्यापुरता आणि शिफारशीपुरता राहतो. अशा वेळी उच्च न्यायालय हा बरा मार्ग.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ साली सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. तरीही १९८० साली स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांचा बेपत्ता व्यक्तींविषयीचा कार्यगट कोणत्याही देशातील प्रकरण घेतो आणि सरकारकडे विचारणा करतो. त्याच्या अर्जात नाव, तारीख, ठिकाण, कोणी नेले असा संशय आहे आणि शोधासाठी काय काय केले, एवढेच विचारलेले असते, आणि कुटुंबाची स्पष्ट संमती लागते. माणसाचे काय झाले हे कळेपर्यंत तिथले प्रकरण उघडे राहते, त्यामुळे कुटुंबाने घर बदलले, फोन बदलला किंवा अर्जदार वडील वारले, तर ते कार्यगटाला कळवून दुसऱ्या नातेवाइकाचे नाव वेळीच चढवून घ्यावे.